दरमहा किमान पाच चुका

"काका, सहा आठवड्यांत संस्कृती बसवून द्याल का?" असं बायकोच्या भाच्याने विचारलं, तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. ते तुटून कपात पडलं. पुढे जे काही घडलं त्याची ती पूर्वसूचना होती. पण अशा वेळी माणूस चमचा शोधतो, अर्थ शोधत बसत नाही.

भाचा डॉक्टर आहे. चाळीस खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे आणि त्या हॉस्पिटलला त्याला मानांकन हवं होतं. मानांकन देणाऱ्या संस्थेने एकशे बारा प्रश्नांची यादी पाठवली होती. त्यातल्या एकशे अकरा प्रश्नांची उत्तरं तयार होती. जिन्याला कठडे होते, आग विझवायची लाल नळकांडी होती, ती कशी वापरायची हे कोणाला माहीत नसलं तरी कोणाला विचारायचं हे लिहिलेलं होतं. गाडी अडली ती एकशे सातव्या प्रश्नाशी: 'संस्थेत नीतिमत्तेची व नियमपालनाची संस्कृती रुजली आहे काय? असल्यास पुरावा जोडावा.'

"तुम्ही चौतीस वर्षं वजनमापं खात्यात होता," भाचा म्हणाला. "तुमच्याइतका सरळ माणूस आमच्या अख्ख्या नात्यात नाही."

"इतका रिकामा माणूस नाही, असं म्हणायचंय त्याला," बायको आतून म्हणाली.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. वजनमापं खात्यात माझा दबदबा होता. मी बाजारात नुसता शिरलो तरी तराजूंची पारडी आपोआप एका रेषेत यायची. मोजण्याचं साधन खोटं बोलत असेल तर ते मला लांबून कळतं, असं मी चारचौघांत सांगत असे. आमच्या घरातला वजनकाटा गेली सहा वर्षं दोन किलो कमी दाखवतो, पण तो मी कधी तपासलेला नाही. त्यावर बायको उभी राहते, आणि काही साधनं तपासण्याचा अधिकार खात्यानेही आम्हाला दिला नव्हता.

मला खोली मिळाली ती पहिल्या मजल्यावरची, पूर्वी चादरी ठेवायची. दारावर 'नीती व नियमपालन अधिकारी' अशी पाटी लागली. तिच्याखालची 'धुतलेल्या चादरी येथे मिळतील' ही पाटी काढायची राहून गेली, आणि चादरीही तिथेच राहिल्या. त्यामुळे माझ्याकडे दिवसभर माणसांची रीघ असे. सुरुवातीला मला वाटलं, लोकांना नीतीची ओढ आहे. प्रत्येक जण यायचा, अदबीने 'साहेब' म्हणायचा आणि दोन डबल, एक सिंगल घेऊन जायचा.

पहिल्याच आठवड्यात मी वॉर्डांची पाहणी केली. सोबत मोठ्या सिस्टर होत्या. हुद्द्याने त्या मेट्रन. पण त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की तिच्यावर अपील नसे. वॉर्डाच्या मधल्या पट्ट्यात औषधांचा फ्रिज होता. त्यात इन्सुलिन, लहान मुलांच्या लसी, अशी थंडीत राहणारी औषधं. फ्रिजच्या दाराला आतून तापमापक लावलेला: गोल तबकडी, घड्याळासारखा एक काटा. बाहेर खिळ्याला एक नोंदवही टांगलेली. सकाळ, दुपार, रात्र असं दिवसातून तीनदा तापमान लिहायचं.

मी वही चाळली. चार अंश, चार अंश, चार अंश. उन्हाळ्यात चार, पावसाळ्यात चार. पानामागून पानं चार.

माझे डोळे पाणावले. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकी स्थिर मोजणी मी पाहिली नव्हती. मी खिशातून लाल पेन काढलं आणि वहीत शेरा मारला: 'उत्तम सातत्य. इतर विभागांनी आदर्श घ्यावा.' खाली सही, तारीख, हुद्दा.

"पूर्वी कोणी बघायचंसुद्धा नाही हो," मोठ्या सिस्टर गहिवरून म्हणाल्या.

हा शेरा वाचकांनी लक्षात ठेवू नये अशी माझी इच्छा आहे. पण ते ठेवतील.

मग मी पुराव्याकडे वळलो. संस्कृती म्हणजे काय हे मी दोन पुस्तकांत वाचलं. दोन्हींचं म्हणणं एकच: जिथे माणूस न घाबरता चूक सांगतो तिथे संस्कृती असते. म्हणजे चुका सांगायला एक पेटी हवी. मी स्टोअरकीपरकडे मागणीपत्र दिलं. हा गृहस्थ स्टोअरमधली प्रत्येक वस्तू स्वतःच्या पोटातून काढून दिल्यासारखी देतो.

"नवी पेटी हवी तर जुनी जमा करा," तो म्हणाला.

"जुनी नव्हतीच."

"मग ती हरवल्याचा अर्ज द्या."

"अहो, जी नव्हती ती हरवेल कशी?"

"साहेब, फॉर्मवर दोनच रकाने आहेत. 'जुनी जमा' आणि 'जुनी हरवली'. 'नव्हतीच' असा रकाना नाही. तुम्हीच आता नियमपालन अधिकारी. नियम मोडून देऊ का?"

त्याच्या डोळ्यांत खरोखरच नियम पाळण्याची तळमळ होती. मी अर्ज लिहिला: 'दिनांक दहा रोजी सूचनापेटी अनवधानाने हरवली, याबद्दल दिलगीर आहे.' अशा रीतीने नीतिमत्तेच्या कामाचा पहिला कागद माझ्या सहीचा होता, आणि त्यातलं तारखेशिवाय काहीही खरं नव्हतं.

पेटी आली. सुताराला जिथे भिंत बरी दिसली तिथे त्याने ती ठोकली. ती जागा भाच्याच्या केबिनच्या काचेच्या दारासमोर होती. चिठ्ठी टाकणाऱ्याचा चेहरा, चिठ्ठीची जाडी आणि टाकतानाची घालमेल हे सगळं केबिनमधून स्वच्छ दिसायचं. पंधरा दिवसांनी मी समारंभपूर्वक कुलूप उघडलं. आत एक शर्टाचं बटण, कोणाचा तरी लघवीचा रिपोर्ट आणि 'तीन नंबरच्या खोलीतला पंखा आवाज करतो, की माझे मिस्टर, ते बघावे' अशी एक चिठ्ठी निघाली.

मी खिन्न मनाने घरी आलो. जिन्यात शेजारचे ऑडिटर भेटले. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजूनही आमच्या घरात येऊन बसले की आधी खुर्ची नीट तपासतात.

"तुम्ही आकडा दिलाय का?" त्यांनी विचारलं.

"कसला आकडा?"

"अहो, आकडा ठरवून दिल्याशिवाय माणूस शिंकतसुद्धा नाही. आमच्या वेळी दर कार्यालयात किमान सात त्रुटी सापडाव्यात असा नियम होता. सापडायच्या."

"आणि एखाद्या ठिकाणी नसल्या तर?"

"सापडायच्या," ते म्हणाले आणि वर निघून गेले.

मला रस्ता दिसला. मी पेटी रद्द केली आणि जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली. (ती घरून आणली. स्टोअरकीपरशी पुन्हा बोलण्याचं धैर्य नव्हतं.) एकही पान कोणाला फाडता येऊ नये म्हणून मी स्वतः पानांवर आकडे टाकले, शिवणीतून दोरा ओवला आणि टोकाला लाखेचं सील मारलं. खात्यात असताना मी असंच करायचो. मुखपृष्ठावर लिहिलं: 'चूक झाली? निर्भयपणे लिहा.' आणि सोबत परिपत्रक काढलं: 'प्रत्येक विभागाने दरमहा किमान पाच चुका नोंदवाव्यात. न नोंदवणाऱ्या विभागप्रमुखांना स्पष्टीकरण द्यावे लागेल.'

दुसऱ्या दिवसापासून हॉस्पिटलचं वातावरण बदललं.

पहिले आले एक्स-रेवाले. "साहेब, आमच्याकडे महिन्यात तीनच होतात. दोन कुठून आणू?"

"जरा आठवून बघा."

"होऊ घातलेल्या चालतील का?"

मी विचार करून हो म्हटलं. त्यांनी वहीत लिहिलं: 'डाव्या पायाऐवजी उजव्या पायाचा फोटो काढणार होतो. काढला नाही.' हा पायंडा पडला. स्वयंपाकघराने लिहिलं: 'सूप फार गरम होते. नंतर फार गार झाले. दोन चुका धराव्यात.' स्वागतकक्षातून नोंद आली: 'एका आजोबांना सुप्रभात म्हणाले. तेव्हा बारा वाजून दोन मिनिटे झाली होती. मनाला लागले.' प्रयोगशाळेचा कोटा बारा तारखेलाच पुरा झाला, तेव्हा त्यांनी जास्तीच्या दोन चुका फिजिओथेरपीला देऊन टाकल्या. त्यामुळे 'रक्ताच्या बाटलीवर लेबल तिरके लागले' ही चूक, ज्यांच्याकडे रक्ताची बाटली कधी गेलीच नाही, त्यांच्या नावावर आजही आहे. स्टोअरकीपरने सगळ्यांत शेवटी, वळणदार अक्षरात लिहिलं: 'या महिन्यात एकही चूक झाली नाही. ही आमची पहिली चूक.'

मी नोंदी वाचत नव्हतो. मोजत होतो. रोज संध्याकाळी आकडा वाढलेला बघून मला जे समाधान वाटायचं ते प्रामाणिक होतं. एवढंच काय ते.

घरी बायकोने विचारलं, "एवढ्या चुका करतात तिथे? मग मी माझा गुडघा दुसरीकडे दाखवते."

"अगं, त्या चुका तशा झालेल्या नाहीत."

"मग खोट्या लिहितात?"

"खोट्या नाही. परिपत्रकानुसार आहेत."

ती वजनकाट्यावर उभी राहायला निघून गेली.

तपासणीच्या आदल्या दिवशी भाच्याला आणखी एक सुचलं. "काका, सगळ्यांना शपथ देऊ या. फोटो निघेल. पुराव्याला फोटो फार चांगला दिसतो."

मी सकाळीच वॉर्डात 'आम्ही नियम पाळतो' अशी मोठी भित्तिपत्रकं चिकटवली. दुपारी चारला वॉर्डाच्या मधल्या पट्ट्यात सगळे जमले. लाऊडस्पीकर आणलेला होता. त्याला लागणारा तीन पिनांचा सॉकेट त्या पट्ट्यात एकच होता आणि त्यात आधीच कसला तरी प्लग होता. मी तो काढला आणि लाऊडस्पीकरचा लावला.

आता न्यायाने सांगायचं तर, त्या सॉकेटच्या वर एक चिठ्ठी होती. 'हा प्लग कोणीही, कधीही काढू नये.' पण ती चिठ्ठी मला दिसणं शक्य नव्हतं, कारण तिच्यावर मी सकाळी 'आम्ही नियम पाळतो' चिकटवलं होतं.

भाषण दहा मिनिटांचं होतं. ते पन्नास मिनिटं चाललं, कारण कोणीही थांबवलं नाही. याला मी श्रोत्यांचा रस समजलो. शेवटी मी आवाज चढवून म्हणालो, "जो चूक सांगेल त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही! मग ती चूक कोणाचीही असो! अगदी माझी असली तरी!" टाळ्या पडल्या. कोपऱ्यात पुसण्याच्या काठीवर हनुवटी टेकवून वॉर्डातल्या मावशी ऐकत होत्या. टाळ्या थांबल्यावरही त्या थोडा वेळ वाजवत होत्या. मग फोटो झाला, लाऊडस्पीकर गुंडाळला, आणि मी घरी जाऊन बायकोला ते भाषण पुन्हा म्हणून दाखवलं.

तपासणी दुसऱ्या दिवशी दहाची होती. मी नऊला पाच कमी असतानाच पोचलो आणि आधी चुकांची वही मोजायला घेतली. साठ होत्या. एकसष्टावी नवी होती. साठाच्या पुढे एक म्हणजे फारच सुबक, म्हणून मी ती कौतुकाने बघितली, आणि तिथे पहिल्यांदाच वाचली. मोठी, वाकडी, दाबून काढलेली अक्षरं होती:

'काल साहेबांनी फ्रीजचा प्लग काडून भोंगा लावला. परत लावला नाही. सकाळी सातला खाली पाणी होतं. मी प्लग लावला. आतली औषधं गरम होती. हात लावून बगितलं. ती कोणाला देऊ नका.' खाली मावशींची सही.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला हवं. पान सत्तेचाळीस. फाडायला एक सेकंद. नीतीवर श्रद्धा होती म्हणून मी ते फाडलं नाही, असं सांगायला मला फार आवडलं असतं. खरं कारण, शिवण पक्की होती. आकडे माझ्या हातचे, दोरा माझा, लाखेचं सील माझं. ते पान फाडता येणार नाही याची चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मीच सोय केली होती.

दाराशी मावशी उभ्या होत्या. चादरीसाठी आल्या नव्हत्या.

"वाचलंत साहेब?"

"वाचलं."

"काल तुम्ही म्हणालात ना, लिहिलं तर काही होत नाही?"

"म्हणालो."

"तुमच्याबद्दल लिहिलं तरी?"

माझ्या घशातून एक आवाज आला. तो हो असावा.

"सिस्टरना सांगितलं मी आधी," मावशी म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, काटा चारवर आहे, फ्रिज ठीक आहे, आज तपासणी आहे, उगाच घोळ घालू नकोस. पण साडेनऊला पोरांना लसी टोचायच्या आहेत. म्हणून लिहिलं." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय साहेब. नाव खोडू का? माझं म्हणते. तुमचं नाही."

घड्याळात नऊ वाजून आठ मिनिटं झाली होती. खाली बाह्यरुग्ण विभागात पंधरा-सोळा आया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हे मी येताना पाहिलं होतं. रात्रभर गरम राहिलेली लस टोचली तर मूल रडतं ते रडतंच, आणि उपयोग होतो की नाही ते देव जाणे. सगळ्यांना वाटत राहतं, लस झाली.

"नाव राहू दे," मी म्हणालो. "चला."

मोठ्या सिस्टर फ्रिजमधून लसींचा डबा काढतच होत्या.

"सिस्टर, थांबा. ती औषधं वापरू नका. काल दुपारपासून फ्रिज बंद होता."

"कोण म्हणतं? हिने सांगितलं ना तुम्हाला? अहो, हा बघा काटा. चार. रात्रपाळीची नोंद बघा. चार. सकाळची बघा. चार."

"पण प्लग मी काढला होता."

सिस्टरनी नोंदवही उघडली, मागचं पान काढलं आणि माझ्या लाल शेऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हे कोणी लिहिलंय? 'उत्तम सातत्य'?"

इथे मला माझं सगळं आयुष्य एकदम दिसलं. सगळे तराजू, सगळी मापं, घाबरलेले सगळे दुकानदार. मी फ्रिजच्या दारातून तो तापमापक उचकटला. बाजूच्या टेबलावर सिस्टरचा चहा होता, वाफाळता, अजून तोंडही न लावलेला. मी तापमापक त्यात बुडवला.

आम्ही तिघं कपात वाकून बघत होतो.

"चार," मावशी म्हणाल्या.

चहा चार अंशांचा होता. उन्हाळा चार अंशांचा होता, पावसाळा चार अंशांचा होता. काटा कधी अडकला ते कोणालाच सांगता येईना. नर्सेसनी इतके दिवस जे दिसलं ते इमानाने लिहिलं होतं, आणि जो माणूस मोजण्याचं खोटं साधन लांबून ओळखतो, त्याने त्याच्या खाली सही केली होती.

"माझा चहा," सिस्टर क्षीण आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी लसींचा डबा बंद केला, त्यावर 'वापरू नये' असं लिहिलं आणि एकदम मावशींकडे वळून म्हणाल्या, "मघाशी मी ओरडले तुला."

"सवय आहे हो," मावशी म्हणाल्या.

भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच विचारलं, "आज? काका, आजच?" मग तो डॉक्टर झाला. फोन उचलून दुसऱ्या हॉस्पिटलकडून उद्यासाठी लसी मागवल्या आणि मला म्हणाला, "खाली जाऊन सांगायला कोणीतरी हवं."

कोणीतरी म्हणजे कोण ते स्पष्ट होतं. मी खाली गेलो. लाऊडस्पीकर नव्हता. पंधरा आयांसमोर भाषण करणं हे साठ कर्मचाऱ्यांसमोर करण्यापेक्षा फार वेगळं असतं, कारण त्या ऐकतात.

"माझ्या चुकीमुळे फ्रिज बंद राहिला," मी म्हणालो. "आजच्या लसी खराब झाल्या असण्याची शक्यता आहे. म्हणून देता येणार नाहीत. उद्या याल का?"

एका मुलाने माझा चष्मा ओढायचा प्रयत्न केला. पहिल्या बाकावरची बाई म्हणाली, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण उद्याची सुट्टी मला तुम्ही आणून देणार का?"

"चिठ्ठी देतो."

"काय लिहाल त्यात?"

"माझी चूक झाली, असं."

"द्या मग. माझ्या साहेबांना दाखवते. असं लिहितात म्हणून कळू दे त्यांना."

मी पंधरा चिठ्ठ्या लिहिल्या. सातव्या चिठ्ठीनंतर हात सराईत झाला.

बाराव्या चिठ्ठीवर कोणीतरी डोक्यावर येऊन उभं राहिलं. तपासनीस बाई होत्या. बुटक्या, खांद्याला मोठी पिशवी, चेहऱ्यावर काहीही नाही. दहाला दहा कमी होते. लवकर येणं ही तपासनिसांची जुनी खोड. मीही तेच करायचो.

माझ्या चादरींच्या खोलीत बसून त्यांनी चुकांची वही पहिल्या पानापासून वाचली. भाचा, मोठ्या सिस्टर, स्टोअरकीपर आणि मी भिंतीला लागून उभे. सूप दोनदा चुकल्याच्या नोंदीपाशी त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. बाकी काही नाही. शेवटचं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"यातली ही एकच चूक खरी दिसते," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" भाच्याने चाचरत विचारलं.

"बाकी साठ चुकांत कोणाचंच काही बिघडलेलं नाही." त्यांनी वही फिरवली. "हे साहेब कोण?"

खोलीतल्या प्रत्येकाला अचानक छत बघावंसं वाटलं. भाचा म्हणाला, "ते म्हणजे... तात्पुरते..."

"मी," मी म्हणालो. "प्लग मी काढला. सूचना मी झाकली. तापमापक न तपासता शेरा मी मारला. आणि या साठ चुका यांनी केलेल्या नाहीत. महिन्याला पाच लिहा, असं परिपत्रक मी काढलं होतं."

बोलायला सुरुवात केली की थांबणं मला जमत नाही, हे काल सिद्ध झालंच होतं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फाइलमधून आणखी एक कागद काढला. "दहा तारखेला हरवलेली ही सूचनापेटी. ती मुळात घेतली केव्हा होती?"

"ती कधीच नव्हती."

स्टोअरकीपरने डोळे मिटून घेतले.

"आणि ज्यांनी हे लिहिलं त्या कुठे आहेत?"

मावशींना बोलावलं. त्या हात पुसत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"हे लिहिताना भीती नाही वाटली?" बाईंनी विचारलं.

"वाटली ना," मावशी म्हणाल्या. "पण साहेब काल एवढा वेळ बोलले. पन्नास मिनिटं कोणी खोटं कसं बोलेल?"

तपासनीस बाईंनी त्यानंतर बराच वेळ खाली मान घालून लिहिलं. त्यांचे खांदे हलत होते, पण मी हुद्द्यावरच्या माणसाच्या खांद्यांवर शेरा मारणार नाही. एकदा मारला तेवढा पुरे.

मानांकन मिळालं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. एकशे सातव्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं: 'सुरुवात झाली आहे. श्रेय वॉर्डातील मावशींना. अधिकारी सुधारण्यासारखे आहेत.' भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला की मावशींना कायम केलंय. बायकोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अधिकारी सुधारण्यासारखे आहेत, असं आता लेखी आलंय. मी लग्नापासून तोंडी सांगतेय."

मी राजीनामा दिला होता. भाच्याने तो परत केला, कारण माझ्यानंतर चादरी कोण देणार हा प्रश्न होता. परिपत्रक मी रद्द केलं. महिनाभरात वहीत तीनच नोंदी झाल्या. तिन्हींत कोणाचं तरी काही बिघडलेलं होतं, म्हणजे खऱ्या असाव्यात. त्यांतली एक मोठ्या सिस्टरची आहे. शेजारच्या ऑडिटरना आकडा सांगितला, तर ते म्हणाले, "तीनच? काम ढिलं पडलं तुमचं."

नवा तापमापक मिळवायला मात्र नऊ दिवस लागले. जुना मी जमा केला होता, पण स्टोअरकीपर म्हणाला, "हा तर चालू आहे. चार दाखवतोय." शेवटी मी त्याचाही चहा वाया घालवला, तेव्हा त्याने फॉर्म काढला. आता त्या फॉर्मवर तिसरा रकाना आहे, हे त्याने मला मुद्दाम दाखवलं. पेनाने आखलेला, जरा तिरका: 'इतर (खरे कारण लिहावे).' नव्या तापमापकाच्या नोंदी दिसायला अगदीच गबाळ्या आहेत. पाच, तीन, सहा, चार, पाच. मी त्यांच्याखाली कसलाही शेरा मारत नाही. दर सोमवारी दुसरा तापमापक शेजारी ठेवून पडताळून बघतो आणि गुपचूप सही करतो. घरचा वजनकाटा अजून तपासलेला नाही. संस्कृती एकेका खोलीनेच पुढे सरकते.

परवाचीच गोष्ट. माझ्या खोलीतली वीज गेली होती आणि फोन मरायला टेकला होता. मी चार्जर हातात घेऊन वॉर्डाच्या मधल्या पट्ट्यात आलो आणि सॉकेटकडे नुसता वळलो. नुसता. हात अजून खिशाच्या पातळीवर होता.

मागे पुसण्याचा आवाज थांबला.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "वही आणू का?"

मी चार्जर खिशात ठेवला.